कोटा फरशी सिरोंच्याची का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या वहीत सिरोंचा तालुक्यातला ‘कोटा’ हा खडकांचा थर आला, आणि तुमच्या न्हाणीत बसवलेली फरशीही ‘कोटा’च. मग ती आपल्या गडचिरोलीतून निघते का?

नाही. नाव एक, गावं दोन. फरशी येते राजस्थानातल्या कोट्याकडून. थराचं नाव पडलं सिरोंच्याच्या उत्तरेला, प्राणहितेच्या डाव्या काठावर असलेल्या कोटा या गावावरून. घोळ होणारच, कारण चुनखडी दोन्हीकडे आहे. पण राजस्थानची चुनखडी विंध्य संघ या खडकांच्या गटातली, कितीतरी जुनी. आपला कोटा जुरासिक काळातला. त्यात माशांचे जीवाश्म आहेत, आणि याच थरात नदीपलीकडे, तेलंगणात, बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर सापडला. त्याच्या नावातलं ‘बारा’ म्हणजे आपले दहा-बारा नव्हेत. बंगालीत ‘बडा पा’, मोठा पाय.

आता शब्दाकडे. भिवापुरी मिरची, शहाबादी फरशी इथं आपण गावाला ‘ई’ लावून विशेषण करतो. कडप्पा आणि कोटा यांना मात्र तेवढंही लावलं नाही, गावच दगड झालं. म्हणून ‘शहाबादी फुटली’, पण ‘कडप्पा फुटला’. आणि गवंडी काळी लादी दिसली की तिला कडप्पाच म्हणतो, मग ती कुठली का असेना.

भूशास्त्रातही गावाचं नाव लागतं, पण ते माल कुठून आला हे सांगत नाही. थराचं वर्णन पहिल्यांदा जिथल्या खडकावरून झालं, ते गाव त्याला चिकटतं. म्हणून कामठी वालुकाश्म चंद्रपुरातही असतो आणि तिथंही कामठीच राहतो.

काळांची नावंही अशीच फिरतात. जुरासिक हे फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरावरून, पर्मियन हे रशियातल्या पर्मवरून (मर्चिसन या भूशास्त्रज्ञानं १८४१ साली ठेवलेलं). म्हणजे आपल्या कोट्याच्या थराला गाव गडचिरोलीचं आणि काळ युरोपातल्या डोंगराचा.

काही नावं गावावरून नाहीत, माणसांवरून आहेत. सिल्युरियन आणि ऑर्डोव्हिशियन ही काळांची नावं वेल्सच्या प्राचीन जमातींची. तसंच आपल्याकडच्या खडकांच्या एका गटाचं नाव गोंडवन, गोंडांवरून. मनसरकडच्या मॅंगनीजच्या पट्ट्यातला ‘गोंडाइट’ खडकही त्यांच्याच नावाचा. ऑस्ट्रियाचा भूशास्त्रज्ञ स्यूस यानं पुढं गोंडवनावरून एका प्राचीन खंडाचं नाव ‘गोंडवानालँड’ केलं. गोंडांचं वन, वर पुन्हा भूमी! मराठीत गोंडवन पुरतं, असं माझं मत.

वहीत मुलाला ‘कोटा दगड’ लिहू देऊ नका, ‘कोटा थर’ लिहू द्या. ‘कोटा दगड’ म्हटलं की दुकानदार राजस्थानचाच काढून देईल.