सागवानी डेक बदलू की दुरुस्त करू?

प्रश्न : वडिलांच्या तीस वर्षांच्या होडीचा सागवानी डेक झिजलाय. स्क्रूची डोकी वर आलीत, खाली पाणी टपकतं. सगळाच बदलू का? – एक वाचक, मालवण

उत्तर : अजिबात घाई नको. आमच्या होडीत पाणी टपकायचं एकीकडे, शिरायचं मात्र हातभर लांबच्या सांध्यातून. टोचा घेऊन सांध्यांलगत, स्क्रूंभोवती टोचून पाहा. भुसभुशीत लागेल तीच फळी बदला. बाकीचे स्क्रू खोल बसवून वर सागाची गुल्ली, म्हणजे भोक बुजवणारी छोटी लाकडी खुंटी, ठोका, तिच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवून. फळी फार पातळ उरली असेल तर गुल्ली टिकत नाही. सांधे मे महिन्यातच भरा, ओल्या लाकडाला सीलंट धरत नाही. आणि रंधा मारू नका हो, असा साग पुन्हा मिळायचा नाही!