परसातली कोंबडीची पिल्लं रोज एक-दोन मरतायत, कारण कळत नाही. कुठलं औषध द्यावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: हॅचरीतून आणलेली चाळीसेक पिल्लं, वय पाच आठवडे, बाहेर धो धो पाऊस. आठवडाभर रोज एक-दोन जातायत. संध्याकाळी पंख पाडून, मान आत ओढून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडतं. शीट पातळ, एकदोनदा तांबूस. दुकानातून आणलेली अँटिबायोटिक पावडर पाण्यातून दिली, फरक नाही. आता दुसरी कुठली द्यावी, हा प्रश्न.

दुसरी पावडर आणू नका. उद्या सकाळी जे पिल्लू मेलेलं मिळेल ते पुरून टाकू नका, तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना सांगा, हे फाडून बघा. सोबत एखादं आजारी जिवंत पिल्लूही न्या. आपल्याकडे मेलेलं पिल्लू म्हणजे तोटा, ते डोळ्यांआड केलं की झालं. पण चाळीसातलं एक पिल्लू उघडून बघितलं, तर उरलेल्यांना काय द्यायचं हे बऱ्याचदा तिथल्या तिथे ठरतं. त्यासाठी मोठी मशिनरी लागत नाही. कात्री, हातमोजे आणि सवयीचे डोळे पुरतात.

मी डॉक्टर नाही, कोकणात घरामागे गावरान आणि गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळतो. पण इतकं सांगू शकतो की पंख पाडून बसणं यावरून रोग ओळखता येत नाही. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात. ती उघडपणे मलूल दिसते तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि त्या अवस्थेत रक्ती हगवण, गंबोरो, मानमोडी, थंडी लागणं, बुरशीचं खाद्य, सगळ्यांचं चित्र एकच. म्हणून फोटो टाकून विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात.

आत मात्र चित्र वेगळं असतं. आतड्याच्या शेवटाजवळ दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या रक्ताने टरारल्या असतील तर रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. गुदद्वाराच्या वरच्या अंगाला बर्सा नावाची छोटी गाठ असते. ती सुजलेली आणि मांडीच्या मांसात रक्ताचे डाग असतील तर गंबोरो. गिझार्डच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटाच्या, आधीच्या पोटात आतून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके असतील तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय. फुफ्फुसात पिवळट-पांढऱ्या गाठी दिसल्या तर बुरशी, बहुतेक ओल्या भुशातून आलेली. यातल्या कशावरही तुमच्या पावडरीचा उपयोग नव्हता. त्यातले गंबोरो आणि मानमोडी तर विषाणूंचे रोग आहेत आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीही करत नाही. उगाच दिल्याने तोटाच होतो. कोलिस्टिनसारख्या औषधावर तर केंद्र सरकारने 2019 साली खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला बंदी घातली, कारण माणसांसाठी ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. दुकानदार पुडी देईल तेव्हा आत कुठलं औषध आहे ते वाचून घ्या.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय रक्ती हगवणीचा येतो. तीन ते सहा आठवडे हेच तिचं वय, आणि पावसाळा हाच तिचा मोसम. हा एक सूक्ष्म परजीवी. आजारी पिल्लाच्या शीटेतून त्याची अंडी बाहेर पडतात तेव्हा ती लगेच लागण करू शकत नाहीत. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. म्हणजे पाण्याच्या भांड्याभोवतीचा तो चिकचिकीत पट्टा आहे ना, खरा कारखाना तोच. कोरड्या भुशात हे चक्र मंदावतं. फिनाईल शिंपडून मात्र ही अंडी मरत नाहीत, आणि ओलसर मातीत ती महिनोन्‌महिने टिकतात.

खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं पहिल्या आठवड्यापासून आईमागे माती उकरतात, थोडी थोडी लागण घेतात आणि अंगात प्रतिकार तयार करतात. हॅचरीची पिल्लं महिनाभर खोक्यात, बल्बखाली, कागदावर वाढतात आणि मग एके दिवशी थेट जुन्या खुराड्यात सोडली जातात, जिथे गेल्या वर्षीच्या कोंबड्यांचं सगळं देणं जमिनीत शिल्लक असतं. एकदम मोठी मात्रा बसते. तुम्ही त्यांना कधी बाहेर सोडलंत ते आठवून बघा. सोडल्यावर आठवडाभराने मर सुरू झाली असेल तर हिशेब जुळतो.

तांबूस दिसलं की ते रक्तच असतं, असंही नाही. दर काही शीटांनंतर एक तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट पडते. ती त्या आंधळ्या पिशव्यांतली असते आणि निरोगी असते. अधूनमधून आतड्याच्या अस्तराचा गुलाबीसर तुकडाही पडतो. रात्री खाली पांढरा कागद घाला आणि सकाळी बघा. उघड लाल रक्त असेल, तेही बऱ्याच शीटांत, तर शंका राहत नाही.

रक्ती हगवणीवर अँप्रोलियम हे जुनं, स्वस्त औषध आहे. 20 टक्क्यांची पावडर असेल तर साधारण एक लिटर पाण्याला 1.2 ग्रॅम, पाच दिवस, आणि पुढे निम्मी मात्रा, असं सहसा देतात. तरी पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि डॉक्टरांना विचारूनच द्या. त्या दिवसांत दुसरीकडचं पाणी मिळता कामा नये. पागोळ्यांचं पाणी पिऊन पोट भरलं तर औषध कोण पिणार? पाणी रोज ताजं बनवा. दुकानदार सोबत बी-कॉम्प्लेक्सची बाटली हमखास देतो, ती या पाच दिवसांत बाजूला ठेवा. अँप्रोलियम त्या परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. तेच जीवनसत्त्व आपण वरून ओतलं तर औषधाची धार जाते.

गंबोरो असेल तर औषध नाही. त्यात मर तीन-चार दिवस झपाट्याने वाढते आणि साधारण आठवड्यात ओसरते. तुमच्याकडे रोज एक-दोन असं संथ चाललंय, म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पण त्याची खोड अशी की तो त्या बर्सा गाठीवरच घाव घालतो, आणि पिल्लाची रोगाशी लढायची ताकद तिथेच घडत असते. वाचलेल्या पिल्लांना पुढे मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागत नाही. ‘लस दिली होती तरी मेल्या’ या तक्रारीमागे कधी कधी हे असतं.

मानमोडी आली तर तुम्हाला बहुधा विचारावं लागणार नाही. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, वाचलेल्यांची मान पिळवटलेली, आणि लस नसलेल्या कळपात दहातल्या नऊ जातात. ती येते बहुतेक आठवडी बाजारातून. कुणाच्या कोंबड्या मरायला लागल्या की तो उरलेल्या बाजारात नेऊन विकतो, आणि आपण स्वस्तात मिळाल्या म्हणून घरी आणतो. नवीन आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायची, एवढं तरी करावं. कडुलिंबाचा पाला, हळद, लसूण द्या हवं तर, त्याने बिघडत नाही. पण त्यावर विसंबून चार दिवस घालवू नका.

एका परिस्थितीत मात्र वरचं सगळं विसरा. एका रात्रीत पाच-दहा मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर काहीही हलवू नका, फाडू नका, हात लावू नका. 1962 या टोल फ्री क्रमांकावर किंवा पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला निघाला होता. 2021 च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यालाही तो आला. कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या वर्णनात असं काही नाही, त्यामुळे घाबरू नका.

आता पिल्लू न्यायचं कसं. मेलेलं दिसताच, ऊन लागायच्या आत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधा आणि बर्फासोबत थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. फ्रीझरमध्ये टाकू नका, गोठलं की आतलं काही धड दिसत नाही. त्याच दिवशी पोचवा. रात्री उबेत मेलेलं दुपारपर्यंत कुजायला लागतं. तालुक्याला जमलं नाही तर जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय आहे, पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, परळ आणि शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही विचारता येतं. काही डॉक्टर ‘कोंबडीचं काय फाडायचं’ म्हणून टोलवतात. तिथे जरा चिकाटी लागते. पिल्लांचं वय, कुठल्या लसी झाल्या, कुठलं खाद्य, मर कधीपासून, हे कागदावर लिहून न्या; कागद दिसला की डॉक्टरही मनावर घेतात.

दरम्यान आजच करण्यासारखं: मलूल पिल्लं वेगळी काढा, ओला भुसा खरवडून बाहेर टाका आणि कोरडं भाताचं तूस घाला. पाण्याची भांडी विटेवर ठेवा, म्हणजे सांडणार कमी आणि शीट पडणार नाही. रात्री बल्ब लावा. पाच आठवड्यांचं पिल्लू पिसांत आलेलं असतं, पण भिजलेलं असेल तर त्याला ऊब लागतेच. खाद्याच्या पोत्यात हात घालून वास घ्या. कुबट वास आला किंवा गठ्ठे झाले असतील तर ते पोतं अख्खं फेका, चाळून वापरू नका. आधी निरोगी पिल्लांचं करा, आजाऱ्यांचं शेवटी, आणि मग हात-पाय धुवा.

लसीचं आत्ता काढू नका. आजारी कळपाला लस टोचायची नसते. पुढच्या खेपेला पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस), दुसऱ्याच्या शेवटी गंबोरोची, चौथ्यात पुन्हा लासोटा आणि आठव्यात आर-टू-बी (हीही मानमोडीचीच), हा ढोबळ क्रम डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. अडचण अशी की बाटली येते शंभर किंवा जास्त मात्रांची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चाळीस पिल्लांसाठी कुणी उघडत नाही. आमच्या वाडीत त्यासाठी चार घरं एकाच दिवशी पिल्लं आणतात, म्हणजे वयं जुळतात आणि बाटली संपते.

डॉक्टरांनी फाडून काय सांगितलं ते इथे लिहा. पिल्लं बाहेर कधी सोडली आणि खाद्याच्या पोत्यावर कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे रक्ती हगवण रोखणारं औषध, घातल्याचं छापलंय का, हेही कळवा.