बुडत्या जहाजावरच्या माणसांना एखाद्या प्राण्याने खरंच वाचवलंय का?

हो, वाचवलंय. मला तर कुत्र्यांच्या आधी एक घोडा आठवतो.

जून १७७३. केपटाउनजवळच्या टेबल बे उपसागरात 'डी योंग थॉमस' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज वादळात रेतीवर रुतून फुटलं. किनारा नजरेच्या टप्प्यात होता, पण लाटा अशा की पोहणारे परत आत ओढले जात होते. तेव्हा वोलराड वोल्टेमाडे नावाच्या म्हाताऱ्याने आपला घोडा थेट समुद्रात घातला. जहाजाजवळ पोचल्यावर घोडा वळवायचा, दोघांना उडी मारायला सांगायचं आणि शेपूट घट्ट धरायला लावायची. घोडा त्यांना ओढत किनाऱ्यावर आणायचा. असे सात फेरे झाले, चौदा जीव वाचले.

घोडा पार थकला होता. जहाज मोडायला लागलेलं दिसल्यावर वोल्टेमाडे आठव्यांदा आत गेला. या वेळी घाबरलेल्या बऱ्याच जणांनी एकदम उड्या टाकून घोड्याला धरलं, आणि त्या ओझ्याने दोघेही बुडाले. दक्षिण आफ्रिकेने पुढे शौर्यपदकाला वोल्टेमाडेचं नाव दिलं. घोड्याची आठवणही तितक्याच मानाने ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं. मोकळ्या पाठीनेही लाटांपुढे बुजणारं जनावर ते, आणि हा घोडा आठ वेळा आत शिरला!

कुत्र्यांमध्ये न्यूफाउंडलंड जातीचं नाव घ्यावं लागेल. बोटांमध्ये पडदे, अंगावर दुहेरी दाट केस, त्यामुळे गार पाण्यातही ती दमदार पोहतात. १८१६ साली 'हार्पूनर' जहाज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या खडकांवर आपटलं, तेव्हा माणसांना किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लागणारी दोरी कप्तानाच्या कुत्र्यानेच पोहत किनाऱ्यावर नेली होती.