स्पेनची वाइन, वेंगुर्ल्याचे ताट

प्रश्न : मुलाने परदेशातून दोन स्पॅनिश वाइन आणल्या आहेत, एक रिओहा भागातली तांबडी, दुसरी आल्बारिन्यो द्राक्षाची पांढरी. तळलेल्या सुरमईबरोबर कोणती घ्यावी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : निःसंशय आल्बारिन्यो. हे द्राक्ष स्पेनच्या वायव्येस, गॅलिसियातील रिआस बायशास भागात, अटलांटिकच्या काठी दमट, पावसाळी हवेत पिकते. वेलींना ओल बाधू नये आणि वारा खेळता राहावा म्हणून त्या ग्रॅनाइटच्या खांबांवरील मांडवावर चढवतात (आपल्या परसातला पडवळाचा मांडव आठवावा). या वाइनची आंबट धार माशाचा तेलकटपणा कमी करते, म्हणजे जे काम आपण एरवी सोलकढीकडून करून घेतो तेच. ती ८ ते १० अंशांवर गार करावी आणि पेला तृतीयांशच भरून, घोट घेण्यापूर्वी वास घ्यावा.

रिओहाची तांबडी बहुधा टेम्प्रानियो द्राक्षाची असते. लेबलावर ‘क्रिआन्सा’ असल्यास ती किमान दोन वर्षे मुरलेली, त्यांतील निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. तिचा तुरटपणा माशाबरोबर धातूसारखा लागू शकतो, म्हणून ती बेताच्या तिखटाच्या मटणासाठी राखावी. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा युरोपीय सल्ला मात्र कोकणात पाळू नये. १६ ते १८ अंशांसाठी ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच लागते.