वाचकांचे प्रश्न : वायोमिंगचे दोन, कॅलिफोर्नियाचेही दोनच

प्रश्न : कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळपास चार कोटी आणि वायोमिंगची सहा लाखांच्याही आत, तरीही अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोन्ही राज्यांचे दोन-दोनच सभासद कसे? आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक जागा आहे. लोकसंख्येचा विचार अमेरिकेच्या घटनाकारांना सुचला नाही काय, आणि ही तरतूद आता बदलता येईल काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुचला तर होताच, किंबहुना १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाची घटनापरिषद मोडते की काय, अशी वेळ आली ती याच वादामुळे. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी मे महिन्याच्या अखेरीस जो आराखडा मांडला, त्यामागे मुख्यतः जेम्स मॅडिसन यांचा विचार होता आणि त्यात दोन्ही सभागृहांतील जागा लोकसंख्येच्या किंवा भरलेल्या कराच्या प्रमाणात द्याव्यात असे सुचवले होते. लहान राज्यांना हे मान्य होणे शक्यच नव्हते, कारण तोपर्यंतच्या राज्यसंघात प्रत्येक राज्याला एकच मत होते, आणि डेलावेअरच्या विधिमंडळाने तर हा समान हक्क सोडू नये अशी स्पष्ट सूचना देऊनच आपले प्रतिनिधी पाठवले होते. अखेर कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन प्रभृतींनी पुढे रेटलेली तडजोड १६ जुलै रोजी पाच विरुद्ध चार राज्यांच्या मतांनी संमत झाली : कनिष्ठ सभागृह लोकसंख्येनुसार, सिनेट समान. मॅसॅच्युसेट्सची मते त्या दिवशी समसमान विभागली गेली होती आणि ऱ्होड आयलंडने तर परिषदेला प्रतिनिधीच पाठवले नव्हते. (‘लोकसंख्येनुसार’ हा शब्दही जपूनच घ्यावा, गुलामांना मताचा अधिकार नसताना जागा ठरवण्यापुरते त्यांना तीन-पंचमांश धरले गेले.)

म्हणून सिनेटमधील समानतेला संघराज्याचे उदात्त तत्त्व म्हणण्यापेक्षा एकत्र राहण्यासाठी मोजलेली किंमत म्हणणे मला अधिक योग्य वाटते. घटनेच्या समर्थनार्थ लिहिल्या गेलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ६२ वा लेख सामान्यतः मॅडिसन यांचा मानला जातो, आणि त्यातही या तरतुदीचे समर्थन सिद्धान्ताच्या आधारे न करता तडजोड म्हणूनच केलेले आहे. ही किंमत तेव्हा आजच्याइतकी जड नव्हती : १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या बारा-तेरा पट होती, तर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाची वायोमिंगच्या सुमारे ६८ पट भरली.

राज्यसभेशी तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेतील मूळ १३ राज्ये संघाच्या आधीपासून स्वतंत्र सत्ता म्हणून नांदत होती व तो संघ त्यांच्या संमतीनेच झाला. आपल्याकडे तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्ये निर्माण करण्याचा आणि त्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रही संसदेच्या कायद्यानेच अस्तित्वात आला. समान जागांचा आग्रह धरण्याइतके बळ आपल्या राज्यांच्या हाती कधी नव्हतेच. शिवाय सिनेटचे अधिकार राज्यसभेहून बरेच मोठे आहेत : सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकांना तिची संमती लागते, आणि तहांना तर तेथे दोन-तृतीयांश मते पडावी लागतात.

आता बदलाविषयी. अमेरिकेत सर्वसाधारण घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि तीन-चतुर्थांश, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता पुरते; परंतु पाचव्या अनुच्छेदाने कोणत्याही राज्याचे सिनेटमधील समान मत त्याच्या संमतीवाचून काढून घेण्यास मनाई केली आहे. हा निर्बंधच आधी दुरुस्तीने वगळावा असा युक्तिवाद काही अभ्यासक करतात, पण त्यासाठीही लहान राज्यांची मते लागणारच, त्यामुळे ती वाट कागदावरच राहील असे दिसते. सिनेट सभासद निवडण्याची पद्धत मात्र बदलली आहे : पूर्वी त्यांना राज्यांची विधिमंडळे निवडत, तर १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपासून मतदार त्यांना थेट निवडून देतात.