गावाचा इतिहास लिहायचा तर आधी तलावाच्या पाळीवर जा

भाऊ, गावाचं लिहायला घेतलंस, बेस केलंस. पण सुरुवात देवळापासून नको करू. दिसलं जुनं देऊळ की ठोक हेमाडपंती, ही आपल्याकडची खोडच आहे.

तुझं गाव भंडारा-गोंदियाकडचं, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सारा गोळा करणाऱ्या जुन्या गावमालकांच्या, मालगुजारांच्या ताब्यातले, असणारच. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. खालच्या बांध्यांत धान, पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांची रोजीरोटी. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मग पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कोणी सांभाळली, गाळ कोणी काढला, पाणी घ्यायच्या पाळीवरून होणारी भांडणं कशी मिटायची, हे विचार. गावाचा स्वभाव तिथंच कळतो.

जाळं विणत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराजवळ निवांत बस. मोबाइल तोंडासमोर धरू नको. मरळ मासळी पूर्वी कुठल्या कोपऱ्यात मिळायची, आता का मिळत नाही, हे तो आपणहून सांगेल. बायकांनाही विचार; कमळाचे कंद, तलावकाठची भाजी त्यांनाच ठाऊक.

ऐकलेलं कागदाशी ताडून बघ. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या महसुली नोंदी मिळतात का बघ. गवत, लाकूड, पाणी यांवर कोणाचा काय हक्क होता ते त्यांत सापडतं. कारकून ‘उद्या या’ म्हणेल. जायचं.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य जरूर बघ, पण वही घरी ठेव. त्या गर्दीत धड कोणी बोलत नाही. आणि कोणाच्या घरून जुना फोटो आणलास, तर त्याच आठवड्यात परत दे. नाहीतर पुढच्या खेपेला चहासुद्धा मिळणार नाही.