बेळगावहून तीन दिवसांत कोकण किनारा कसा पाहावा?

डिसेंबरात तीन दिवसांची सुट्टी आहे, बरोबर आई-वडील आणि दोन मुले आहेत, गाडी स्वतःची आहे. अशा वेळी मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला आणि गोवा हे सारे एकाच फेरीत बसेल का, असे आपण विचारले आहे. बसवता येईल, पण निम्मी सुट्टी गाडीत जाईल आणि घरी आल्यावर कोणता किनारा कुठला होता हेही आठवणार नाही. मी स्वतः अशा दोन फेऱ्या केल्या आहेत. त्यानंतर मी दक्षिणेला तेरेखोलची खाडी आणि उत्तरेला कर्लीची खाडी एवढ्याच पट्ट्यात फिरायचे ठरवले. मुक्काम तिन्ही दिवस एकाच ठिकाणी, वेंगुर्ल्यात किंवा शिरोड्यात ठेवावा, असे मी आपल्यालाही सुचवीन.

गोव्याला जायचे असते तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट बरा. वेंगुर्ल्यासाठी मात्र आपला नेहमीचा हिंडलगा, बाची, शिनोळी, आंबोली हाच रस्ता धरावा. अंतर सुमारे १२० किलोमीटर भरते. डिसेंबरात आंबोलीचे धबधबे आटलेले असतात, त्यामुळे तेथे फार वेळ काढण्यात अर्थ नाही. हिरण्यकेशीचा उगम तेवढा अवश्य पाहावा, कारण संकेश्वरला आपण जी नदी पाहतो आणि जी पुढे घटप्रभेला मिळते, ती येथे एका गुहेतून निघते. समुद्र इतका जवळ असताना तिने पूर्वेची वाट धरली याचे मुलांना फार नवल वाटते. सावंतवाडीत मोती तलावाकाठी चहा घ्यावा, चितारआळीत लाकडी खेळणी पाहावीत आणि राजवाड्यात गंजिफा म्हणजे जुने हाती रंगवलेले पत्ते रंगवण्याचे काम चालू असेल तर थोडे थांबावे. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पंचांग. हे मी हौसेने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू पाहून मी गाडी थेट पुळणीवर उतरवली आणि आम्ही सगळे चालत लांब गेलो. परत आलो तेव्हा मागची दोन्ही चाके निम्मी रुतली होती आणि लाटेचा फेस बंपरपासून चार हातांवर आला होता. जवळच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या माणसांनी दोर सोडून गाडीला खांदे लावले. त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला एवढेच विचारले, "तीथ बघून इलास काय?" मग त्यांनीच हिशोब शिकवला: पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या बाराच्या आधी येते, पाणी सर्वांत जास्त चढते आणि तितकेच आतही ओसरते, त्यामुळे त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी चालायला भरपूर पुळण मिळते. आई-वडिलांना मऊ वाळूत चालवत नाही; ओहोटीच्या घट्ट वाळूत मात्र ते सहज दोन-तीन किलोमीटर चालतील. गाडी अर्थातच सुरूच्या बनापाशी ठेवावी.

एक दिवस दक्षिणेकडे द्यावा. शिरोड्याचा वेळागरचा किनारा लांब आणि सपाट आहे. मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो याच शिरोड्यात, आणि येथील मिठागरांचे चौकोन वडिलांना नक्की दाखवा. शेजारच्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याने वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. माझा मुलगा तेथे बराच वेळ त्या वहाणांचे तळवे वाकून तपासत बसला होता. तेथून रेडीला खाडीकाठचा यशवंतगड पाहावा, जांभ्याच्या भिंतींना मुळांनी कवळलेले आहे ते पाहावे आणि पुढे तेरेखोलचा किल्ला गाठावा. नदीच्या उत्तरेला असूनही हा तुकडा गोव्यात मोडतो, कारण पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला. शिनोळी-बाचीची राज्यसीमा ओलांडत वाढलेल्या आपल्यासारख्यांना अशा सीमेचे फारसे आश्चर्य वाटत नाही म्हणा.

दुसरा दिवस निवतीसाठी. वेंगुर्ल्याहून तासाभराचा रस्ता आहे आणि गडावरची चढण लहान आहे. वरून उत्तरेला भोगव्याची पुळण आणि समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटे दिसतात. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला मुलांनी पाहिला नसेल आणि त्यांनी हट्टच धरला, तर हा दिवस तिकडे द्यावा, मात्र मग निवती सोडून द्यावी. दोन्ही एका दिवसात उरकण्याची घाई नको.

जेवणाबाबत एकच सांगतो: तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मिळाली तर सुरमईच्या महाग थाळीकडे वळू नये. आई शाकाहारी असतील तर घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ सकाळीच मागवावी, कारण दुपारी ती बहुधा संपलेली असते.

तिसऱ्या दिवशी जेवण लवकर आटोपून निघावे. आंबोली घाट अंधारात चढू नये, धुके आले तर पुढची गाडीसुद्धा दिसत नाही. बर्फाच्या डब्यातून मासे आणणार असाल, तर ते त्याच सकाळी वेंगुर्ल्याच्या बाजारात घ्यावेत आणि डब्याचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे. घाटाच्या वळणांवर आमचा डबा एकदा आडवा झाला होता, आणि त्या गाडीचा वास पुढे संक्रांतीपर्यंत गेला नव्हता.